क्रोसाँची चंद्रकोर आणि त्यातले लोणी

आमच्या दुकानाच्या शेजारी एक बेकरी आहे. बेकरीवाल्याच्या धाकट्या मुलाने मध्यंतरी क्रोसाँ करायला सुरुवात केली. माल चांगला होता. सकाळी ऑफिसला जाणारे गिऱ्हाईक उभ्या उभ्या चहाबरोबर खात असे. एक दिवस मोहल्ल्यातील एका बुजुर्गांनी मुलाला बाजूला घेऊन समजावले की, ही चंद्रकोर तुर्कांच्या पराभवाची थट्टा म्हणून निघाली आहे, मुसलमानाच्या भट्टीत ती लागता कामा नये. मुलगा घाबरला. पुढचे चार दिवस फक्त पाव आणि खारी.

बुजुर्गांना आम्ही दोष देत नाही. हीच गोष्ट आम्ही स्वतः गादीवर बसून अनेकांना सांगितली आहे. गोष्ट अशी की, १६८३ साली उस्मानी फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला, रात्री जागणाऱ्या नानबाईंनी जमिनीखाली सुरुंग खणल्याचा आवाज ऐकला, शहर वाचले आणि त्या आनंदात त्यांनी हिलालच्या आकाराची रोटी भाजली. २०१३ साली शाम देशातील हलब शहरात, बंडखोरांच्या ताब्यातील भागात, एका शरई समितीने क्रोसाँवर बंदी घातल्याची बातमीही वृत्तपत्रांत आली होती. म्हणजे ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यापुरती नाही.

वेढा खरा आहे. जुलै ते सप्टेंबर १६८३ असा तो चालला, वजीर कारा मुस्तफा पाशा हरला आणि त्याच वर्षअखेर बेलग्रेडमध्ये सुलतानाच्या हुकमाने मारला गेला. पण रोटीची गोष्ट त्या काळच्या कोणत्याही कागदात सापडत नाही. उलट, ‘किप्फेर्ल’ नावाच्या वाकड्या रोटीचा उल्लेख ऑस्ट्रियात तेराव्या शतकापासून आहे, म्हणजे वेढ्याच्या चारशे वर्षे आधी! याहून मजेची बाब पुढे आहे. फ्रान्सच्या ‘लारूस गॅस्ट्रोनॉमिक’ या प्रसिद्ध पाककोशाच्या १९३८ च्या आवृत्तीत हीच गोष्ट बुडापेस्टच्या नावावर दिली आहे : १६८६ साली तुर्कांनी शहराला वेढा घातला असताना म्हणे ही रोटी निघाली. वास्तविक १६८६ साली तुर्क त्या शहराच्या आत होते आणि वेढा घालणारे बाहेरचे होते. आत बसलेला माणूस आपल्याच तटाखाली सुरुंग कशाला खणेल? खबर पडताळून मगच पुढे सांगा, ही शिकवण आपल्याला आहे. आम्ही ती पाळली नाही, हे कबूल करतो.

खरी हकीकत धंद्याची आहे आणि व्यापाऱ्याने ती जरूर वाचावी. ऑगस्ट झांग नावाचा ऑस्ट्रियाचा एक माजी तोफखाना अधिकारी १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसला आला. रिशल्यू रस्त्यावर त्याने व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. वाफेच्या भट्टीमुळे त्याच्या मालाला चकाकी येई, आणि जाहिरातीचे महत्त्व तो जाणून होता. थोड्याच काळात पॅरिसचे नानबाई त्याची नक्कल करू लागले. १८४८ साली तो मायदेशी परतला आणि तिथे त्याने ‘दी प्रेस’ हे वर्तमानपत्र काढले. मात्र त्याची किप्फेर्ल पापुद्र्यांची नव्हती. लोण्याचे पदर घालण्याचे काम फ्रेंच कारागिरांनी पुढे केले आणि आजचा क्रोसाँ विसाव्या शतकाच्या आरंभी ठरला.

हे पदर म्हणजे कापडाची घडीच. यीस्टच्या कणकेत थंड लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायची, तीन पदरी घडी घालायची. असे तीन वेळा केले की लोण्याचे सत्तावीस थर होतात. आमचा खारीचा कारागीर हे काम पिढ्यान् पिढ्या करतो, फक्त खारीत यीस्ट नसते. अडचण उन्हाळ्याची. कणीक फुगवताना हवा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर गेली की लोणी पाघळून बाहेर येते आणि क्रोसाँचा पाव होतो.

म्हणून मार्जरीन वापरतात, कारण ते उशिरा वितळते आणि स्वस्तही पडते. वापरावे, पण सांगून. फ्रान्समध्ये साधारण रिवाज असा की लोण्याचा क्रोसाँ सरळ असतो आणि वाकडा बहुधा मार्जरीनचा. म्हणजे ज्या चंद्रकोरीवरून आपण भांडतो, ती तिथे स्वस्त मालाची ओळख आहे. आमच्या बाजारात ताणा सुती, बाणा पॉलिएस्टर असा माल ‘प्युअर कॉटन’ म्हणून गळ्यात मारणारे आहेत, तशीच ‘बटर क्रोसाँ’ची पाटी लावून आत वनस्पती घालणारेही आहेत. बुजुर्गांनी चौकशी करायची तर इथे करावी. मार्जरीनच्या खोक्यावर हिरवा ठिपका आहे का? जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर चालत नाही, माल त्यात बसतो का? बदामाचा क्रोसाँ असेल तर पाकात रम तर नाही ना? परदेशी कृतीत ती पुष्कळदा असते.

हा बदामाचा क्रोसाँ शिळ्या मालातूनच निघतो. कालचा उरलेला चिरून पाकात बुडवतात, बदामाचे सारण भरतात आणि पुन्हा भाजतात. पाकात रम नसेल तर यात काही गैर नाही. कालचा माल आजचा म्हणून विकणे वेगळे. ताजा क्रोसाँ त्याच दिवशी, शक्यतो सकाळी खावा. फ्रेंच लोक दुधाच्या कॉफीत बुडवतात, आपल्या चहातही चालतो. उरलाच तर कागदी पिशवीत, बाहेर. फ्रीजमध्ये तो लवकर शिळा पडतो. जास्त दिवस ठेवायचा तर घट्ट गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये, आणि काढल्यावर ओव्हनमध्ये दहा मिनिटे. मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर चामडे खायची तयारी ठेवा.

मुलाने पुन्हा सुरुवात केली आहे. आता काचेत दोन ट्रे आहेत, एकावर ‘लोण्याचे’ आणि दुसऱ्यावर ‘मार्जरीनचे’, भाव वेगवेगळे. मार्जरीनचे जास्त खपतात. बुजुर्ग अद्याप खारीच घेतात.