गोलघुमटात आरोळ्या ठोकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना

मुलांनो,

चाळिशीला टेकलात, तरी मुलांनोच म्हणते. तेवढा हक्क अजून उरला असेल असं धरून चालते.

विजापूरचा व्हिडिओ तुम्हीच ग्रुपवर टाकलात. घुमटाच्या सज्जात तुम्ही सगळे, बायकामुलांसकट. शिट्ट्या काय, किंकाळ्या काय! एकाचा मुलगा किल्लीने भिंतीचा गिलावा खरवडून नाव कोरत होता आणि बाप मोबाइल धरून हसत होता. मी शेवटपर्यंत पाहिला.

परक्यांनी केलं असतं तर नुसता राग आला असता. तुम्ही केलंत म्हणून लागलं.

शाळेत असताना तुम्हाला तिथे नेलं होतं, तेव्हा मनोऱ्याच्या जिन्याशी काय ठरलं होतं आपलं? वर गेल्यावर एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. भिंतीला नख लावायचं नाही. खाली माणसं पुरलेली आहेत हे विसरायचं नाही. हो म्हणाला होतात ना सगळे? आणि पाळलंतही. तुमच्यातलीच एक भिंतीकडे तोंड करून पुटपुटली, तर समोर, जवळजवळ अडतीस मीटरवर बसलेल्या मैत्रिणीला शब्द न् शब्द कळला. त्या दिवशी मला वाटलं, ही मुलं आता ही इमारत जपतील.

एकही खांब नाही, मग एवढं छत कशावर उभं आहे, हा प्रश्न तुमचाच होता. जमिनीवर बसून वहीत काढून दाखवलं होतं मी. एकशेपस्तीस फुटांचा चौरस. त्यात एकमेकींना छेदून जाणाऱ्या आठ कमानी. त्या छेदांतून वर दोन चौरस एकमेकांवर तिरके पडतात, चौरसाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनावर गोल बसतो. विटा-चुन्याचा तो अवाढव्य घुमट बाहेर फाकू पाहतो. कमानींवरून आत झुकलेल्या बांधकामाचं वजन त्याला आत ओढून धरतं. दोन ओढींचा तोल साधलाय, म्हणून साडेतीन शतकांहून जास्त काळ तो उभा आहे. हे कळलं तेव्हा तुमचे चेहरे काय झाले होते! परीक्षेतही नीट लिहिलं होतंत. मग आता वर पाहिलंत तरी का? त्या व्हिडिओत एकाचीही मान वर गेलेली मला दिसली नाही.

खाली चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी. मुहम्मद आदिलशहा आणि त्याच्या घरची माणसं त्याखालच्या तळघरात आहेत, हेही सांगितलं होतं. आपल्या आजीच्या दहाव्याला घाटावर कुणी शिट्ट्या मारल्या असत्या, तर चाललं असतं तुम्हाला?

शिवाय ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘शत्रूचीच तर कबर आहे, बाई.’ हे मी शिकवलं होतं? शहाजीराजे याच सुलतानाच्या चाकरीत होते, विसरलात? तो १६५६ मध्ये गेला. अफझलखान स्वराज्यावर आला १६५९ मध्ये, त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत. आणि शत्रू म्हणाल, तर खानालाही प्रतापगडाखाली महाराजांनी रीतसर मूठमाती दिली. महाराजांचं नाव घेता, मग त्यांची रीत का घेत नाही?

या इमारतीचा स्थपती म्हणून याकूत दाभोळीचं नाव सांगतात. दाभोळ कुठे, ते तुम्हीच नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतंत. आपल्या कोकणातलं बंदर म्हणून केवढा आनंद झाला होता!

संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याचा धाक मी तुम्हाला कधी घातला नाही. तुम्हाला त्याची गरज आहे असं वाटलंच नव्हतं.

व्हिडिओ काढून टाकलात. कुणी एकाने ‘सॉरी बाई’ लिहिलं, खाली हात जोडलेली चित्रं आली. मला ते नको. भिंतीवरचं नाव त्याने पुसलं जात नाही.

मला एवढंच सांगा, त्या पोराने तिथे विचारलं का, हे छत कशावर उभं आहे म्हणून? विचारलं असेल, तर तुमच्यापैकी उत्तर कुणी दिलं?

तुमच्या बाई
सोलापूर