ले-आउटचे गडर आणि गोसीखुर्दचा शेजार

बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर ही कालपरवापर्यंत नागपूरबाहेरची गावे होती. आज तिथे ले-आउटला लागून ले-आउट आहेत. प्लॉट किंवा फ्लॅट घेताना नोकरदार कुटुंब शाळा किती दूर, रस्ता किती रुंद, बोअरला पाणी आहे का, शेजारी कोण, हे बारकाईने पाहते. वर्षभरात गणपती बसतो, महिलांची भिशी सुरू होते आणि परकी वस्ती आपली वाटू लागते. हे आपलेपण मोलाचे आहे, पण ते सोसायटीच्या फाटकाशी थांबते.

गडरचे पाणी मात्र थांबत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग आणि पिली नद्यांतून कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाच्या 33 दरवाजांशी अडते. नदी वाहती असती तर घाण पुढे गेली असती. जलाशयात ती साचते आणि जलपर्णी पोसते. भंडारा शहर याच वैनगंगेचे पाणी पिते. काठचे ढिवर याच पाण्यात जाळे टाकतात.

या धरणाची पायाभरणी 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ खर्च 372 कोटी रुपये होता, उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर सिंचनाचे. त्यासाठी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावे उठली. नवी गावठाणे आखली गेली, 18 नागरी सुविधांची यादी ठरली आणि त्या नीट मिळाव्यात म्हणून प्रकल्पग्रस्तांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. नागपूरकराने आपली वस्ती पसंत करून घेतली. या माणसांची वस्ती सरकारी नकाशाने ठरवली. ज्या पाण्यासाठी त्यांनी घरदार सोडले, ते तरी त्यांना स्वच्छ मिळायला हवे.

उपाय अवघड नाही. नागपुरात भांडेवाडीला दिवसाला 20 कोटी लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र आहे आणि शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांसाठी वापरात आले आहे. अडचण गडर लाइन न पोहोचलेल्या ले-आउटमध्ये आहे. तिथे सेप्टिक टँक भरला की पाणी जवळच्या नाल्यात जाते. काही संकुलांत शुद्धीकरण यंत्र असते, पण विजेचे बिल वाचवायला ते बंद ठेवले जाते.

इथे मध्यमवर्गाच्या हाती बरेच काही आहे. फ्लॅट बुक करताना जिम आणि क्लब हाउसइतक्याच आग्रहाने बिल्डरला विचारावे, ‘सांडपाणी कुठे सोडणार?’ सोसायटीच्या आमसभेत शुद्धीकरण यंत्राचा खर्च मंजूर करावा, ते पाणी बागेला आणि संडासाला वापरावे. नगरसेवक मत मागायला आला की रस्त्याच्या आधी गडर लाइनची तारीख मागावी. आणि नाग नदीच्या शुद्धीकरणाचे नियोजन नागपुरात होते, तेव्हा पवनी-भंडाऱ्याच्या नदीकाठच्या ग्रामपंचायतींना आणि मच्छीमार संस्थांना त्या बैठकीत खुर्ची मिळावी, असा ठराव याच सोसायट्यांनी महापालिकेकडे पाठवावा.