विसार घेण्याआधी भावकीला विचारा : मालवण किनारपट्टीच्या खातेदारांना जाहीर आवाहन

किनाऱ्यालगतच्या आणखी एका सामायिक जमिनीचा विसार मुंबईत परस्पर घेतला गेला. गावातल्या भावाला ते कळले कुंपणाचे खांब उतरले तेव्हा! म्हणून इथले न्याहारी निवासचालक, होडीवाले आणि मासे विकणाऱ्या भगिनींचे हे आवाहन प्रत्येक खातेदाराला, विशेषतः चाकरमान्यांना आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पण तारकर्ली-देवबागचे नाव झाले ते राहत्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या कुटुंबांमुळे, घरच्या बायकांच्या हातच्या चवीमुळे. याचा या मंडळींना अभिमान आहे. अशा घरी पाहुणा उतरला की सुरमई मालवणच्या बाजारातून येते, सोलकढीची सोले शेजारच्या वाडीतून, किल्ल्यावर नेणारी होडी गावची. एकाच्या मुक्कामावर चार चुली पेटतात. जमीन गेली की मालक बाहेरचा, नफा बाहेर आणि गावच्या पोराच्या हाती गेटवरची शिट्टी.

चिपीला २०२१ पासून विमानतळ आहे. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दलाल उगाच फिरत नाहीत.

‘पडीक जमीन ठेवून करायचे काय?’ हा प्रश्न आता पुरे. शेजारच्या खोल्या सुट्टीत भरलेल्या दिसत असताना तो विचारवतो तरी कसा? गणपतीला ज्या घरात आरती करायची, त्याच घराखालची जमीन भावाला न सांगता विकायची?

महाभूलेखवर आजच सातबारा पाहा. फेरफाराची नोटीस आली तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. वाटणी रखडली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही नको. वडिलांच्या पश्चात आलेला हिस्सा एखादा वारस विकत असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार सोबतच्या वर्ग-१ वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे. तो शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. बंद घर विकू नका, लेखी करार करून भावकीतल्या कुणाला चालवायला द्या. जोते आणि दर्शनी भाग न बदलता राहत्या घरात पाहुणे ठेवण्याची मुभा २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत स्थानिकांना आहे.

गणपतीत सगळे गावात असतात. दुसऱ्या दिवशी वाडीवाडीत बैठक लावा. येताना सातबाऱ्याची प्रत आणि सगळ्या हिस्सेदारांचे फोन नंबर घेऊन या.