निळ्या टोपीची घट

हुपरीकर मंडळी हो, आणि पंचक्रोशीतल्या सैनिकांच्या घरातल्या माय-बापांनो,

२०२५च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कहून बातमी आली. संयुक्त राष्ट्रांच्या नऊ शांतता मोहिमांतले पाव सैनिक आणि पोलीस, म्हणजे तेरा-चौदा हजार माणसं, माघारी पाठवणार. तिथली भांडणं मिटली का? नाही. पैसे संपले. आणि पैसे का संपले? खर्चाचा सगळ्यांत मोठा वाटा ज्यांच्या नावावर, तेच सगळ्यांत मोठे थकबाकीदार. सोसायटीचं कर्ज बुडवणाऱ्यानंच सोसायटीला कुलूप लावायला निघावं, तसली ही तऱ्हा.

याचा संताप तुम्हालाही आलाच असेल, त्यावर शाई घालवत नाही. मला राग आला तो आपल्याच चहाच्या टपरीवर ऐकलेल्या एका वाक्याचा: "आता पोरांचे डॉलर बुडाले!" लोक हसले. भज्यांची प्लेट पुढं सरकली. या एका वाक्याखाली पाऊणशे वर्षांचा लबाड व्यवहार झाकून जातो, म्हणून हे पत्रक.

आधी डॉलरचाच टंच काढू. एका शिपायामागं संयुक्त राष्ट्रं महिन्याला ठरावीक रक्कम देतात. २०१८ साली ठरलेला दर होता १,४२८ डॉलर. हे पैसे शिपायाच्या खिशात जात नाहीत, त्याच्या सरकारकडं जातात, तेही वेळेवर येतील तर. खुद्द जवानाच्या हातावर संयुक्त राष्ट्रं किती ठेवतात? दिवसाला १ डॉलर २८ सेंट. रुपयांत शंभर-सव्वाशे. एक मिसळ आणि दोन चहा! आपलं सरकार वरून परदेश भत्ता देतं, त्यातून एखाद्या घराची कौलं जाऊन स्लॅब पडतो, हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण भारतासारखा देश एवढ्यासाठी सैन्य पाठवतो असं म्हणणाऱ्यानं एकदा आपल्या संरक्षण खर्चाचा आकडा बघावा आणि मग भजी खावीत.

देश सैन्य का देतात, याला एक उत्तर नाही. फिजी-नेपाळसारख्यांना पैसा खरोखर लागतो. रवांडा देतो, कारण १९९४ साली त्याच्यावर वेळ आली तेव्हा जग पळालं होतं. आपण सुरुवात केली १९५०च्या कोरियात, डॉक्टरांची तुकडी पाठवून. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशाला जगात मान हवा होता, आणि शांततेवर थोडा खरा विश्वासही होता. त्यानंतर गाझा, कांगो, सोमालिया, सिएरा लिओन, लेबनॉन, दक्षिण सुदान. दोन लाखांहून जास्त भारतीय शांतिसेनेची निळी टोपी घालून आले. सुमारे १८० आलेच नाहीत. एवढे जीव दुसऱ्या कुठल्याही देशाचे गेलेले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. ते गेले कुणाच्या ठरावावर?

आपल्या गावाला जॉबवर्क शिकवायला नको. व्यापारी चांदी देतो, आपण पैंजण करून देतो, मजुरी घेतो. नाव त्याच्या दुकानाचं, काळे हात आपले. तरी या व्यवहारात काटा मधे असतो. चांदी वजन करून घेतली, माल वजन करून दिला. कामात चांदी थोडी घटणार हे दोघांनाही माहीत असतं, आणि किती घट धरायची हे भट्टी पेटायच्या आधी दोघांत ठरतं. दोघांत! शांतिसेनेच्या धंद्यात घट माणसांची असते, आणि ती धरणारा एकटाच असतो.

सुरक्षा परिषदेत पंधरा देश बसतात, पाच कायमचे. मसुद्याची लेखणी बहुतेक वेळा तिघांच्याच हाती: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स. कुठं जायचं, कधी गोळी झाडायची, कधी निघायचं, सगळं तिथं ठरतं. आणि निळ्या टोपीतली माणसं कुणाची? नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत, पाकिस्तान. भारताची २०२५ साली पाच हजारांवर. अमेरिका आणि रशियाची मिळून दोनशेही भरत नाहीत.

लेबनॉनचं बघा. आपली बटालियन तिथं १९९८ पासून आहे. २०२४च्या ऑक्टोबरात तिथल्या शांतिसेनेच्या ठाण्यावर इस्रायली रणगाड्याचा गोळा पडला, इंडोनेशियाचे दोन जवान जखमी झाले. आपले नऊशेच्या आसपास जवान त्याच सेनेत होते. २०२५च्या ऑगस्टमध्ये परिषदेनं ठराव केला: २०२६ संपलं की मोहीम बंद. बंद करणं बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवा. ठराव झाला तेव्हा भारत त्या टेबलावर नव्हता. आपली सभासदकी २०२२लाच संपली होती. पाव शतक पहारा देणाऱ्याला दुकान बंद होणार हे मालकाच्या पाटीवरून कळावं?

आणि निघायचं कधी, हे ठरवणारे स्वतः कसे निघतात तेही बघा. सोमालियात ५ जून १९९३ला पाकिस्तानचे २४ जवान मारले गेले. पाकिस्तान तिथंच थांबला. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेचे १८ मारले गेले, आणि पुढच्या मार्चअखेर अमेरिका घरी. ऑक्टोबरातल्या त्या रात्री अडकलेल्या अमेरिकनांना सोडवायला गेलेल्या ताफ्यात पाकिस्तानी रणगाडे आणि मलेशियाच्या गाड्या होत्या. (शेजाऱ्याचं कौतुक केलं म्हणून कुणाला मिरची लागली तर लागो. काटा शेजारी बघून हलत नाही.) रवांडात दहा बेल्जियन जवान पडल्यावर बेल्जियम निघाला, आणि परिषदेनं अडीच हजारांची फौज २७०वर आणायचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली. घानाचे सैनिक मात्र तिथंच राहिले. घानाला परिषदेत कायमची खुर्ची आहे का?

खुर्चीवरून आठवलं. ठरवताना आम्हालाही विचारा म्हटलं की आक्षेप येतात, त्यातला पहिला: "सैन्य देत राहू, एक दिवस कायमची जागा मिळेल," असं सांगणारे शहाणे आपल्याकडंही आहेत. पन्नास वर्षं मुकाट मजुरी केली की व्यापारी दुकान नावावर करून देतो, असा एक तरी दाखला हुपरीत असेल तर मी हे पत्रक चावून खातो.

दुसरा आक्षेप वकिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ४४ म्हणतं की परिषदेवर नसलेल्या देशाकडं सैन्य मागायचं असेल तर ते कसं वापरायचं या निर्णयात त्याला आधी बोलवा. वकील म्हणतात, ते कलम युद्धासाठी आहे, शांतिसेनेसाठी नाही. अहो, शांतिसेना हा शब्दच सनदेत कुठं नाही! ती सगळी गरजेपोटी उभी राहिलेली रीत. सैन्य मागताना रीत चालते, विचारायची वेळ आली की कलम आठवतं. सैन्य देणाऱ्या देशांबरोबर बैठका होतात, हेही खरं. वरात निघाल्यावर मुलगी पसंत आहे का विचारतात, त्यातला प्रकार.

तिसरा आक्षेप सगळ्यांत चीड आणणारा: "सैनिक म्हटल्यावर जीव जाणारच." हे बोलणाऱ्यानं एकदा साताऱ्याकडच्या अपशिंग्याला जाऊन यावं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. तेव्हा ठराव लंडनला होत होता आणि मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात उपाशी मरत होत्या. तेव्हा आपण गुलाम होतो. आता कोण आहोत?

सैन्य पाठवू नका असं मी म्हणत नाही. कांगोतल्या आईला निळी टोपी दिसल्यावर काय वाटतं ते मी इथं बसून ठरवणार नाही. मागणं एवढंच: मसुदा लिहिताना आमचा माणूस खोलीत नसेल तर नवी तुकडी जाणार नाही, हे भारतानं लेखी कळवावं. मोठे सैन्य देणारे पाच देश एका दिवशी हे म्हणाले तर लेखणीवाल्यांना स्वतःची पोरं पाठवावी लागतील, आणि मग ठरावातले शब्द कसे जपून पडतात ते बघू.

मत मागायला जो येईल, त्याला हे लेखी कळवणार का, हा एक प्रश्न विचारा. कलम ४४ म्हणजे काय हे त्याला माहीत नसेल तर हे पत्रक द्या. आणि उरलेल्या प्रती सैनिक टाकळीकडं जाणाऱ्या एसटीत कंडक्टरजवळ ठेवा. तिथं कुणाला द्यायच्या हे विचारावं लागणार नाही.

— हुपरीचा एक चांदी कारागीर