प्लॉट : कथेतला आणि जंगलातला

'कथानक' हा चांगला शब्द हाताशी असूनही आम्ही साहित्याचे शिक्षक वर्गात सर्रास 'प्लॉट'च म्हणतो. इ. एम. फॉर्स्टरने १९२७ साली गोष्ट आणि प्लॉट यांत केलेला भेद, म्हणजे एकीत नुसता कालक्रम आणि दुसऱ्यात कार्यकारणभाव, हा परीक्षेच्या तोंडावर सर्वांना पाठ असतो. काही वर्षांपूर्वी हाच भाग शिकवताना आम्ही विचारले, प्लॉट म्हणजे काय? मोखाड्याकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, जंगलातली कसायची जागा." वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढे गेलो.

उत्तर चूक नव्हते. इंग्रजीत या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ जमिनीचा लहान तुकडा असाच आहे. पुढे त्याला आराखडा हा अर्थ आला, मग कटकारस्थान, आणि सतराव्या शतकात नाटक-कथेची रचना. आम्ही शिकवत होतो तो अर्थ या वंशावळीतला धाकटा. विद्यार्थ्याच्या तोंडी होता तो थोरला.

जव्हार-मोखाड्यात हा थोरला अर्थ घराघरांत नांदतो. वनखात्याची जमीन वर्षाच्या बोलीने कसायला देण्याच्या पद्धतीतून जुन्या ठाणे जिल्ह्यात 'एकसाली प्लॉट' हा शब्द रूढ झाला. जिल्हा २०१४ मध्ये विभागून पालघर झाला, शब्द राहिला. डोंगरउतारावर राब भाजून जिथे नागली-वरई घेतली जाते, त्या जागेला सरकारी कागद 'अतिक्रमण' म्हणत आला आणि कसणारा 'प्लॉट' म्हणत आला. (परकी भाषेतला शब्द आपल्या बाजूने साक्षीला उभा करण्याचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गातही सांगण्याजोगे आहे.) मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकरी मोर्चाच्या प्रमुख मागण्यांत वनजमिनीचा हक्क होता, तो याच अर्थाने.

शहरातल्या जाहिरातीतला प्लॉट निराळा. तो पाडतात, विकतात, त्याला कुंपण घालतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन मात्र वारसाने पुढे जाते, विकता येत नाही. विवाहित असल्यास हक्कपत्रावर नवरा-बायको दोघांची नावे लागतात. एकाच शब्दाच्या पोटात दोन परस्परविरोधी मालमत्ताविचार आहेत आणि मराठी वाचक संदर्भावरून ते बिनचूक ओळखतो.

आमच्या विषयाला भिडणारी बाब पुढे आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण ही जमीन कसतो, हे दावेदाराने ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे दाखवायचे असते. पुराव्यांत दंडाच्या पावत्या चालतात, घर-बांध-विहिरीच्या खुणा चालतात, आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवून घेतलेला जबाबही चालतो. हा जबाब म्हणजे फॉर्स्टरचाच भेद आहे. 'आजा कसत होता, मग बाप कसत होता' ही झाली गोष्ट. बांध का घातला, गार्डाने पावती का फाडली, एका सालात जागा पडीक का राहिली, हे एकमेकांत गुंफून सांगता आले तर दावा उभा राहतो. एकरांच्या दाव्याला गुंठ्यांची मंजुरी मिळाल्याची तक्रार या भागात नेहमीची आहे. तेव्हा रचना कुठे सैल राहिली, याची किंमत तिथे शेतात मोजली जाते.

आदिवासी लेखनावर 'अनुभव दांडगा, पण प्लॉट नाही' असा शेरा मारणारे समीक्षक आम्ही पुष्कळ पाहिले, आणि स्वतःही तो मारला आहे. जी माणसे प्लॉटसाठी प्लॉट रचून समितीपुढे उभी राहतात, त्यांच्या कथनात कार्यकारण नाही असे म्हणण्यापूर्वी असा एखादा जबाब वाचायला हवा होता. आम्ही तो वाचला त्या विद्यार्थ्याच्या घरी, त्याची पदवी झाल्यानंतर. दीड पानाचा, खाली अंगठा. त्यात सर्वांत मोठा परिच्छेद मोहाच्या एका झाडावर होता: ते कोणी राखले, आणि का तोडले नाही.