नगरनियोजनाची पदवी वाया जात नाही





‘आराखडे मंत्रालयात ठरतात, मग नगरनियोजनात पदव्युत्तर पदवी कशाला?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सवाल मला पटत नाही. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा 2015 मधला मसुदा आठवावा. वारसा वास्तूंच्या नोंदी गायब, उभ्या इमारतींवरून आखलेले रस्ते, जमिनीचा सध्याचा वापरच चुकीचा दाखवलेला. अखेर तो मसुदा रद्द करून नव्याने काम करावे लागले. तो तर सल्लागार कंपनीच्या मदतीने झाला होता, असे कोणी म्हणेल. पण म्हणूनच सल्लागाराचे काम बारकाईने तपासणारी जाणती माणसे पालिकेत पुरेशी हवीत. स्थापत्य अभियंता पूल उत्तम बांधेल. पण शाळेचे आरक्षण कोणत्या वस्तीत हवे, हा त्याच्या अभ्यासाचा मुख्य विषय नव्हे. अंतिम मंजुरी राजकीय असते हे खरेच, पण मंजुरीसाठी पुढे काय ठेवायचे, हे नियोजकाच्या टेबलावर ठरते.

नोकऱ्या नाहीत, हा पत्रलेखकांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र त्यात दोष पदवीचा नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार राज्यांच्या नगररचना खात्यांना 12 हजारांहून अधिक नगरनियोजक लागतील. तेव्हा मंजूर पदे चार हजारांहूनही कमी होती, आणि त्यांतली निम्मी रिक्त! शिवाय, त्याच अहवालानुसार, अनेक राज्यांत या पदांसाठी नियोजनाची पदवी अनिवार्यच नव्हती. तेव्हा विद्यार्थ्यांना परावृत्त करण्याऐवजी पत्रलेखकांनी रिक्त पदे भरण्याची आणि सेवाप्रवेश नियम बदलण्याची मागणी सरकारकडे करावी.

– एक वाचक, पुणे