ऑपरेशनला विमा, गोळीचं काय?

पाच लाखांचा आकडा ऐकून हरखून जाणाऱ्यांपैकी मी नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, पिवळ्या-केशरीसोबत पांढऱ्या कार्डालाही ती खुली झाली, हे चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, घरातल्या बाईचं दुखणं या पाच लाखांच्या दारापर्यंत पोचतं तरी का?

वऱ्हाडानं ही योजना पहिल्यापासून पाहिली आहे. जुलै 2012 मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात अमरावती होतं, अकोला नव्हतं. अकोल्याला नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावं लागलं. मूर्तिजापूरच्या बाईचं हृदय काय बडनेऱ्याच्या बाईपेक्षा वेगळं असतं?

ती चूक सुधारली. मूळ दुखणं तसंच आहे. योजना मुख्यत्वे भरती झालेल्या रुग्णासाठी; यादीतला उपचार आणि यादीतलं हॉस्पिटल हवं. रोजची बीपी-शुगरची गोळी, रक्ताची तपासणी, जायचं भाडं, बुडालेली रोजी हे सगळं आपलं आपण बघायचं. माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना शुगर आहे. महिनाअखेरीस त्या एका गोळीचे दोन तुकडे करतात. मी रागावले तर म्हणाल्या, "कापाकापी असन तं सरकार पैसे देते, गोयीले कोन देते बाई?" मला उत्तर सुचलं नाही. कारण शुगरनं पुढे किडनी गेली, तर डायलिसिस योजनेत बसतं!

सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते की, असं कुणी म्हणेल. ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, खरं आहे. पण वैद्यकीय शिक्षण खात्याची, म्हणजे अकोल्याच्या सर्वोपचारसारखी रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. रुग्णाला खातं काय कळतं? आणि रांगेत अर्धा दिवस घालवून "बाहेरून आणा" ऐकलं, की बाई पुन्हा फिरकत नाही. खासगी विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये काढला, तरी आधीपासूनच्या आजारासाठी तीन-तीन वर्षं थांबायला लावणारा विमा या मावशींच्या काय कामाचा?

माझं म्हणणं एवढंच, की कवच वाढवायचा पुढचा पैसा आधी गोळ्या-तपासण्यांवर खर्च करा. बीपी-शुगरच्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम, गावच्या उपकेंद्रातच द्या. आशाताईंकडे नावांची यादी असतेच.

आणखी एक, आणि हे खास बायकांचं. नव्या सुनेचं नाव माहेरच्या राशन कार्डातून कटतं, सासरच्या कार्डात चढायला मात्र महिनोन्‌महिने जातात. नेमकी बाळंतपणाची वर्षं ती कुठल्याच कार्डावर नसते. लग्नाची नोंदणी होते त्याच टेबलावर हे नाव चढवायला काय हरकत आहे? तहसीलच्या चकरा तरी वाचतील.